गोचीड, पिसवा, झुरळं आणि त्यांच्या मज्जातंतूंवर बसणारी औषधं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ठाण्यात राहते, प्राणिशास्त्र शिकवते, आणि कीटकांची मज्जासंस्था हा माझा जिव्हाळ्याचा विषय. पावसाळा लागला की सोसायटीतले लोक, येऊरला कुत्रा फिरवणारे, नेरुळ-खारघरचे ओळखीचे औषधाचं पाकीट पुढे करून विचारतात, हे नेमकं काय करतं? 'किडे मारतं' एवढ्या उत्तरानं काम भागत नाही. ही औषधं किड्याच्या मज्जातंतूवरच्या एका ठरावीक प्रथिनाला जाऊन चिकटतात. घरातलं मूल, मांजर, टाकीतले मासे सुरक्षित राहतील का, हेही बरंचसं त्या चिकटण्यावरच ठरतं. म्हणून काही उत्तरं लांबली आहेत. डोस मात्र इथून घेऊ नका. तो तुमच्या पशुवैद्यांनी किंवा डॉक्टरांनीच ठरवायचा.

औषध मज्जातंतूला चिकटतं म्हणजे नक्की कशाला?

मज्जापेशीभोवती चरबीचं पातळ पटल असतं. त्यात प्रथिनं रुतलेली असतात. काही प्रथिनांच्या मधोमध छिद्र असतं, त्यातून सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड असे विद्युतभारित कण ये-जा करतात. या प्रथिनांना चॅनेल म्हणतात. काही चॅनेल पेशीतल्या विद्युतदाबाप्रमाणे उघडतात, तर काही शेजारच्या पेशीकडून एखादं रसायन आलं की उघडतात. ते रसायन ज्या जागेवर येऊन बसतं ती जागा म्हणजे रिसेप्टर. मज्जातंतूचा सगळा संदेश या उघडझापीवर चालतो.

औषधाचा रेणू या प्रथिनाच्या एखाद्या खळग्यात बसतो. तिथे त्याला धरून ठेवणारी बलं बहुधा दुबळी असतात, म्हणजे हायड्रोजन बंध, विरुद्ध विद्युतभारांचं आकर्षण, तेलकट भागांची एकमेकांशी सलगी. त्यामुळे बहुतेक औषधं बसतात, सुटतात, पुन्हा बसतात. किती घट्ट बसतात हा एक प्रश्न आणि बसल्यावर काय करतात हा दुसरा. लोक या दोहोंची गल्लत करतात. आयव्हरमेक्टिन (कृमी आणि खरजेवरचं औषध) आणि फिप्रोनिल (पिसवांच्या थेंबांतलं औषध) दोन्ही क्लोराइडच्या चॅनेलवर बसतात, पण पहिलं ते उघडं ठेवतं आणि दुसरं बंद करतं. पहिल्यानं किडा लुळा पडतो, दुसऱ्यानं त्याला झटके येतात. मरतो दोन्ही वेळा.

किड्याची मज्जासंस्था आपल्यापेक्षा वेगळी असते का?

मूळ यंत्रणा तीच. सोडियम आत शिरल्यावर संदेश धावतो, दोन पेशींमधल्या फटीत रसायन सुटतं, पुढची पेशी जागी होते. पण रसायनांची कामं वेगळी वाटलेली आहेत. आपल्याकडे स्नायूला हुकूम देतं ॲसिटिलकोलिन, आणि मेंदूत उत्तेजन देणारं मुख्य रसायन ग्लूटामेट. कीटकात हे उलट आहे. तिथे स्नायूला ग्लूटामेट हलवतं आणि मेंदूत, मज्जागुच्छांत ॲसिटिलकोलिनचं राज्य असतं.

याहून महत्त्वाचा फरक असा की कीटक, कोळी वर्गातले जीव आणि गोलकृमी यांच्याकडे ग्लूटामेटनं उघडणारं एक क्लोराइड चॅनेल असतं. क्लोराइड ऋणभारित असतं, ते आत शिरलं की पेशी शांत होते. हे चॅनेल पाठीचा कणा असलेल्या कुठल्याच प्राण्यात नाही. माणसात नाही, गायीत नाही, कुत्र्यात नाही. आयव्हरमेक्टिनच्या सगळ्या यशामागे ही एक गोष्ट आहे.

गोचीड कीटकच ना?

नाही. पूर्ण वाढलेल्या गोचिडाला आठ पाय असतात, तो कोळ्यांच्या नात्यातला. खरजेचा किडाही तसाच. नुकती अंड्यातून निघालेली गोचिडं सहा पायांची असतात, त्यामुळे फसायला होतं. हा फरक पुस्तकापुरता नाही. पिसवांवर उत्तम चालणारं इमिडाक्लोप्रिड गोचिडावर जवळजवळ निरुपयोगी ठरतं, कारण रिसेप्टर थोडा वेगळा आहे. म्हणून काही थेंबांमध्ये त्याच्या जोडीला दुसरं औषध घातलेलं असतं, आणि ते दुसरं औषधच मांजराच्या जिवावर उठतं. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

आयव्हरमेक्टिन नेमकं कुठे बसतं?

जपानमधल्या कितासातो संस्थेच्या सातोशी ओमुरा यांनी इतो शहराजवळच्या कावाना इथल्या मातीतून एक जिवाणू वेगळा केला. त्यापासून मिळालेल्या ॲव्हरमेक्टिनवर मर्क कंपनीत विल्यम कॅम्पबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम केलं. त्यात थोडा रासायनिक बदल करून आयव्हरमेक्टिन तयार झालं. १९८१ मध्ये ते जनावरांसाठी बाजारात आलं. २०१५ साली ओमुरा आणि कॅम्पबेल यांना नोबेल मिळालं. गंमत अशी की औषध बाजारात आलं तेव्हा ते कुठे चिकटतं हे पक्कं ठाऊक नव्हतं. ते चॅनेल पहिल्यांदा १९९४ मध्ये एका सूक्ष्म गोलकृमीतून ओळखलं गेलं, आणि १९९६ मध्ये फळमाशीतलं सापडलं.

या चॅनेलमध्ये पाच प्रथिनखंड वर्तुळात उभे असतात, मधे छिद्र. प्रत्येक खंडाचा काही भाग पटलाच्या आरपार गेलेल्या सर्पिल खांबांचा बनलेला असतो. २०११ मध्ये हिब्ज आणि गूओ या शास्त्रज्ञांनी गोलकृमीच्या चॅनेलचा स्फटिक करून क्ष-किरणांनी रचना पाहिली. तेव्हा आयव्हरमेक्टिन दोन शेजारी खंडांच्या मधे, पटलाच्या बाहेरच्या बाजूला शिरलेलं दिसलं. उघड्या दाराखाली पाचर मारावी तसं ते खांबांना एकमेकांपासून दूर ढकलून ठेवतं, आणि छिद्र मिटू शकत नाही. ग्लूटामेटची स्वतःची बसायची जागा वेगळी आहे, बरीच वर, पटलाबाहेर. म्हणजे औषध ग्लूटामेटची जागा बळकावत नाही, तर भलतीकडूनच चॅनेल उघडं धरून ठेवतं.

ते तेलकट असल्यामुळे पटलात सहज मुरतं आणि फार सावकाश सुटतं. प्रयोगात औषध धुऊन टाकलं तरी प्रवाह बराच वेळ चालू राहतो. क्लोराइड आत येत राहतं, पेशी संदेशाला उत्तर देईनाशी होते. गोलकृमीच्या घशाचा पंप थांबतो, कीटकाचे स्नायू ढिले पडतात.

मग आपल्याला काहीच कसं होत नाही? आपल्या मेंदूतही क्लोराइडची चॅनेल आहेतच.

आहेत. गाबा आणि ग्लायसिन या मज्जापेशीला शांत करणाऱ्या रसायनांनी उघडणारी चॅनेल त्याच घराण्यातली आहेत आणि आयव्हरमेक्टिन त्यांच्यावरही बसतं, फक्त त्याला जास्त मात्रा लागते. आपल्याला दुसरं संरक्षण आहे ते मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत. तिथे पी-ग्लायकोप्रोटीन नावाचं प्रथिन आत शिरू पाहणारं आयव्हरमेक्टिन पकडून परत रक्तात फेकत राहतं.

हे प्रथिन किती मोलाचं आहे ते १९९४ मध्ये ॲमस्टरडॅमच्या प्रयोगशाळेत अनपेक्षितपणे कळलं. तिथे त्याचं एक जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले होते. उंदरांच्या अंगावरच्या बारीक किड्यांसाठी नेहमीप्रमाणे आयव्हरमेक्टिन फवारलं, आणि नेमके तेच उंदीर मेले. त्यांच्या मेंदूत औषध कितीतरी पट जास्त साचलं होतं.

कोली, शेल्टी, ऑस्ट्रेलियन शेफर्ड या जातींच्या पुष्कळ कुत्र्यांत याच जनुकात बिघाड असतो, डीएनएची चार अक्षरं गळालेली असतात. दुसऱ्या कुत्र्याला सहज पचणारा डोस अशा कुत्र्याला बेशुद्ध करू शकतो. तुमच्या कुत्र्यात या जातींचं रक्त असेल तर पशुवैद्यांना आधी सांगा. त्यांनी विचारलं नाही तरी सांगा.

आमच्या ओळखीच्या तबेल्यात गायींसाठी इंजेक्शन असतं. कुत्र्याला त्यातलंच थोडं दिलं तर? स्वस्त पडतं.

देऊ नका. गुरांचं नेहमीचं इंजेक्शन १ टक्क्याचं असतं, म्हणजे १ मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम, आणि तेवढं ५० किलो वजनाच्या जनावराला पुरतं. कुत्र्याला हृदयातल्या कृमींपासून वाचवण्यासाठी दर महिन्याला जे देतात ते किलोमागे सुमारे ६ मायक्रोग्रॅम. दहा किलोच्या कुत्र्याला ६० मायक्रोग्रॅम. त्या बाटलीतलं हे झालं ०.००६ मिलिलिटर, म्हणजे १ मिलिलिटरच्या बारीक सिरिंजवरच्या सगळ्यात लहान रेघेहूनही कमी. घरी हे मोजताच येत नाही. खरजेसाठी पशुवैद्य कधी याहून बराच मोठा डोस देतात, पण तो जात पाहून, तपासून, लक्ष ठेवून देतात. पैसे वाचवायची गरज मला कळते. त्यासाठी पशुवैद्यांना स्वस्त पर्याय विचारा, ते सुचवतात.

औषध किती घट्ट चिकटतं हे मोजतात कसं?

हा प्रश्न माझे विद्यार्थी सोडले तर फार कोणी विचारत नाही. पण मला तो सगळ्यांत आवडतो, म्हणून इथे घेतला आहे.

त्यासाठी घरमाश्यांची डोकी लागतात, तीही भरपूर. माश्या गोठवतात आणि डबा जोरात हलवतात. गोठलेली डोकी धडापासून तुटतात. मग वेगवेगळ्या छिद्रांच्या चाळण्यांतून चाळलं की पंख-पाय एकीकडे आणि डोकी एकीकडे. डोक्यांतच का, तर मज्जापेशींची पटलं तिथे दाटीनं असतात. ती थंड द्रावणात वाटून, गाळून, सेंट्रिफ्यूजमध्ये वेगानं फिरवली की तळाशी पटलांचा साका मिळतो.

मग औषधाच्या रेणूतल्या काही हायड्रोजनच्या जागी किरणोत्सारी ट्रिटियम घालतात, म्हणजे तो रेणू कुठे आहे ते मोजता येतं. असं औषध पटलांबरोबर काही काळ ठेवून मिश्रण काचतंतूंच्या गाळण कागदातून ओढून घेतात आणि थंड द्रावणानं झटकन धुतात. धुवायला उशीर झाला तर चिकटलेलंही सुटून जातं, हात सराईत लागतो. कागदावर जे उरलं त्याची किरणोत्सारिता मोजायची.

पण तेलकट औषध कशालाही चिकटतं, चरबीला, कागदाला, नळीच्या काचेलाही. म्हणून शेजारी दुसरी नळी ठेवतात. तिच्यात तेच औषध बिनकिरणोत्सारी रूपात भरमसाट घालतात. खऱ्या जागा मोजक्या असतात, त्या या साध्या रेणूंनी भरून जातात. तरीही जी किरणोत्सारिता कागदावर उरते ती इकडेतिकडे चिकटलेल्याची. पहिलीतून दुसरी वजा केली की खऱ्या जागेवर बसलेलं औषध कळतं. औषध हळूहळू वाढवत गेलं की आलेख वर चढतो आणि जागा भरल्या की सपाट होतो. अर्ध्या जागा ज्या मात्रेला भरतात ती जितकी कमी, तितकी पकड घट्ट. माशीच्या डोक्यात इमिडाक्लोप्रिडचं असं मोजमाप कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात जॉन कॅसिडा यांच्याकडे झालं, ते १९९३ मध्ये प्रसिद्ध झालं. मात्रा आली नॅनोमोलरच्या घरात, म्हणजे अगदी अत्यल्प.

याच पद्धतीनं आणखी एक गोष्ट कळते. एक किरणोत्सारी औषध आधी बसवायचं आणि मग दुसरं घालून पाहायचं. पहिलं हुसकावलं गेलं तर दोघांची जागा एक, किंवा निदान एकमेकींशी जोडलेली. फिप्रोनिल गाबाच्या चॅनेलमध्ये कुठे जातं याचा माग असाच लागला. मर्कच्या शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये फळमाशीच्या डोक्यांवर काम करून दाखवलं की आयव्हरमेक्टिनच्या काही जागांमध्ये ग्लूटामेटच्या आणि गाबाच्या चॅनेलचे खंड एकत्र असतात. वहीत स्वच्छ दोन रकाने आखावेत अशी ही चॅनेल नसतात.

आता यातून पकड कळते, परिणाम कळत नाही. परिणामासाठी आफ्रिकेतल्या झेनोपस बेडकाचं अंडं घेतात आणि त्यात कीटकाच्या चॅनेलचा आरएनए, म्हणजे ते चॅनेल बांधायची कृती सांगणारा रेणू, टोचतात. अंडं ते चॅनेल स्वतःच्या पटलावर बांधतं. मग विद्युताग्रं खुपसून औषधाचा थेंब टाकला की प्रवाह वाढला का थांबला ते समोर दिसतं.

मानेवर टाकायचे फिप्रोनिलचे थेंब कसे काम करतात? आणि आंघोळ का घालायची नाही?

फिप्रोनिल गाबाच्या चॅनेलच्या छिद्रातच जाऊन बसतं आणि क्लोराइडची वाट बंद करतं. शांत करणारा संदेश थांबला की मज्जातंतू अनावर होतात, पिसू तडफडून मरते. सस्तन प्राण्यांच्या गाबा-चॅनेलवर त्याची पकड बरीच सैल असते. शिवाय ते ग्लूटामेटचं चॅनेलही अडवतं, जे आपल्याकडे नाहीच. झुरळांच्या जेलमध्येही हेच औषध ०.०५ टक्के इतकं असतं. त्वचेच्या तेलात ते पसरतं आणि केसांच्या मुळाशी साठतं. साबणानं तेल धुतलं की औषधाला पसरायला काही उरत नाही, म्हणून आधी आणि नंतर दोन-दोन दिवस आंघोळ टाळायची.

सशाला मात्र फिप्रोनिल कधीही लावू नका. पाळीव ससे त्यानं मेले आहेत.

महिन्याची किंवा तीन महिन्यांची चघळायची गोळी दिली, तरी कुत्र्यावर गोचीड दिसला. गोळी बनावट आहे का?

बहुधा नाही. या गोळ्यांत फ्लुरालानर, ॲफॉक्सोलानर, सॅरोलानर असं काही असतं. तीही गाबाचं चॅनेल बंद करतात, पण फिप्रोनिलपेक्षा वेगळ्या जागेवर बसून. ती कुत्र्याच्या रक्तात असतात, त्यामुळे गोचीड चावून रक्त पिईल तेव्हाच औषध त्याच्यापर्यंत पोचतं. अंगावर चढलेला गोचीड दिसणारच. दोन दिवसांनी तो मेलेला किंवा सुकलेला दिसायला हवा.

या वर्गातल्या औषधांनी काही कुत्र्या-मांजरांना थरथर किंवा फिट्स येऊ शकतात, अशी सूचना अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१८ मध्ये दिली. प्रमाण कमी आहे. पण तुमच्या कुत्र्याला आधी कधी फिट आली असेल तर ही गोष्ट पशुवैद्यांच्या कानावर घाला.

कुत्र्याचे थेंब मांजराला अर्धे टाकले तर चालतील ना? मांजर लहान आहे.

नाही, नाही आणि नाही. मांजर म्हणजे लहान कुत्रा नव्हे.

कुत्र्यांच्या काही थेंबांत परमेथ्रिन असतं, आणि भरपूर असतं. शेवंतीच्या जातीतल्या एका फुलापासून मिळणाऱ्या पायरेथ्रमचं हे कृत्रिम भावंड. ते सोडियमच्या चॅनेलवर बसतं. हे चॅनेल क्षणभर उघडून मिटायला हवं, परमेथ्रिन ते मिटू देत नाही, आणि मज्जातंतू एका संदेशाऐवजी संदेशांची माळच सोडत राहतो. किड्याचं चॅनेल या औषधाला आपल्यापेक्षा पुष्कळ हळवं असतं आणि थंड शरीरात पकड आणखी टिकते. पण सोडियमचं चॅनेल आपल्याकडेही आहे, मांजराकडेही आहे. आपण वाचतो ते मुख्यतः यकृतामुळे, ते परमेथ्रिन मोडून बाहेर टाकतं. मांजराच्या यकृतात औषधांना ग्लुकुरोनिक आम्ल जोडून बाहेर काढायची ताकद फार कमी असते. त्यामुळे औषध साचतं. पंजे झटकणं, कान फडफडणं, मग थरथर आणि झटके.

घरात कुत्रा आणि मांजर दोन्ही असतील आणि दोघं एकमेकांना बिलगून झोपत असतील, तर कुत्र्यालाही परमेथ्रिनचे थेंब टाकू नका. पाकिटावर घटकाचं नाव वाचा. अक्षर बारीक असतं, मोबाइलनं फोटो काढून मोठं करून वाचा.

गुलाबावर तंबाखूचं पाणी मारते. ते नैसर्गिक, म्हणून सुरक्षित ना?

उलट आहे. तंबाखूतलं निकोटिन आणि दुकानातलं इमिडाक्लोप्रिड दोन्ही ॲसिटिलकोलिनच्या रिसेप्टरवर बसतात. शरीरातल्या परिस्थितीत निकोटिन धनभारित होतं, आणि धनभारित रेणूला आपला रिसेप्टर घट्ट धरतो. इमिडाक्लोप्रिडवर तसा भार नसतो. त्याच्या नायट्रो गटाचं टोक किंचित ऋण असतं, आणि कीटकाच्या रिसेप्टरमध्ये त्याला धरायला धनभारित भाग असतो. आपल्या रिसेप्टरमध्ये तो नाही. म्हणजे किड्यांपुरतं बोलायचं तर प्रयोगशाळेतलं औषध जास्त निवडक, आणि बाल्कनीत उकळलेलं तंबाखूचं पाणी आपल्यालाच जास्त घातक. हातमोजे न घालता ते हाताळू नका, मुलांजवळ ठेवू नका. मधमाश्या मात्र इमिडाक्लोप्रिडनं मरतात, म्हणून फुलोऱ्यावर तेही नको.

गोचिडांसाठी पाण्यात मिसळून लावायचं, उग्र वासाचं औषध कोणतं?

बहुतेक अमिट्राझ. कीटक आणि गोचीड यांच्यात ऑक्टोपामिन नावाचं रसायन असतं, साधारण आपल्या ॲड्रेनलिनचं काम करणारं. अमिट्राझ त्याच्या रिसेप्टरवर बसतं, गोचीड अस्वस्थ होतो आणि चावा सोडून गळून पडतो. आपल्यात ऑक्टोपामिनला महत्त्व नाही, पण अमिट्राझ आपल्या अल्फा-२ या ॲड्रेनलिनच्या रिसेप्टरवरही बसतं. पोटात गेलं तर गुंगी येते, नाडी मंदावते, रक्तातली साखर चढते. म्हणून मधुमेही माणसानं ते लावायचं काम दुसऱ्यावर सोपवावं, आणि मधुमेही कुत्र्याला ते लावूच नये. मोकळ्या हवेत, हातमोजे घालून, पाकिटावर दिलं आहे तेवढंच पाणी घालून.

महापालिकेची धूरफवारणी आणि टाकीत टाकतात ते ॲबेट, तीही मज्जातंतूंवरच?

हो. धुरातला पायरेथ्रम सोडियमच्या चॅनेलवर, म्हणजे परमेथ्रिनसारखाच. घरातली डासांची कॉइल आणि भिंतीवरचं लिक्विडही त्याच कुळातलं. माशांना ही सगळी फार बाधतात, तेव्हा फवारणीची गाडी आली की माशांची टाकी झाका आणि हवेचा पंप थोडा वेळ बंद ठेवा.

ॲबेट म्हणजे टेमेफॉस, डासांच्या अळ्यांसाठी. हे मॅलॅथिऑन या कीटकनाशकाच्या घराण्यातलं. ही औषधं ॲसिटिलकोलिन मोडणाऱ्या एन्झाइमला कायमचा रासायनिक बंध जोडतात. या पानावरच्या औषधांत खरोखर न सुटणारी पकड हीच. हे एन्झाइम माणसातही आहे, म्हणून या घराण्यातल्या शेतीच्या विषारी औषधांनी माणसं दगावतात आणि रुग्णालयात ॲट्रोपिन द्यावं लागतं.

शाळेत देतात ती जंतांची गोळीसुद्धा नसांवर काम करते का?

नाही. अल्बेंडाझोल जंताच्या पेशीतल्या ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनावर बसतं आणि पेशीची आतली बांधणी मोडतं. मज्जातंतूंशी त्याचा संबंध नाही. मुलांना निर्धास्त द्या.

पूर्वी चालणारं औषध आता चालत नाही. कंपनीनं पातळ केलं का?

शक्यता अशी जास्त आहे की किडाच बदलला. गाबा-चॅनेलच्या छिद्रात एका ठरावीक जागी ॲलॅनिन नावाचं अमिनो आम्ल असतं. त्या जागी सेरिन हे दुसरं अमिनो आम्ल आलं की डिल्ड्रिन हे जुनं कीटकनाशक निकामी होतं, आणि फिप्रोनिलचा जोरही कमी होऊ शकतो. हा बदल फळमाशीत सापडला, घरमाशीत सापडला, डेंग्यू पसरवणाऱ्या डासातही सापडला. एवढ्या दूरच्या कीटकांत, स्वतंत्रपणे, तोच एक बदल! मला याचं अजूनही नवल वाटतं. सोडियमच्या चॅनेलमध्येही असंच होतं, ल्यूसिनच्या जागी फिनिलॲलॅनिन आलं की डीडीटी आणि परमेथ्रिन दोन्ही बसेनाशी होतात, कारण दोघांचा मारा त्या एकाच चॅनेलवर असतो.

म्हणून औषध बदलायचं तर नुसता ब्रँड बदलून उपयोग नाही. बसायची जागा बदलली पाहिजे. कॉइल सोडून लिक्विड घेतलं तरी डासाच्या दृष्टीनं काही बदललं नाही, चॅनेल तेच. आणि अर्धा डोस देऊन पाहू नका. त्यानं दुबळे किडे मरतात आणि तगणारे मागे उरतात.

कोविडच्या वेळी सगळे आयव्हरमेक्टिन घेत होते, ते काय होतं?

२०२० मध्ये काचेच्या भांड्यातल्या पेशींवर ते विषाणूविरुद्ध चाललं, पण ५ मायक्रोमोलर, म्हणजे ५००० नॅनोमोलर मात्रेला. नेहमीच्या डोसनं माणसाच्या रक्तात येणाऱ्या मात्रेच्या हे कितीतरी पट आहे. कृमीला ते नॅनोमोलरमध्ये पकडतं, कारण पकडायला तिथे नेमकं चॅनेल आहे. २०२२ मध्ये ब्राझीलमधल्या मोठ्या चाचणीत रुग्णालयात दाखल होण्याचं प्रमाण त्यानं कमी झालं नाही.

माणसानं आयव्हरमेक्टिन घेतल्यावर त्याला चावणारा डास मरतो, हे खरं का?

खरं आहे. डासाच्या मज्जासंस्थेतही तेच चॅनेल आहे आणि औषध त्याला आपल्या रक्तातून मिळतं. केनियातल्या क्वाले भागात मलेरियाच्या मोसमात लोकांना महिन्यातून एकदा आयव्हरमेक्टिन दिलं, तेव्हा मुलांमधला मलेरियाचा संसर्ग २६ टक्क्यांनी कमी झाला. तो अहवाल २०२५ मध्ये आला. याचा अर्थ आपण घरी गोळ्या घ्याव्यात असा नाही. ती सामूहिक, देखरेखीखालची मोहीम होती.

औषध लावल्यावर कुत्र्याला उपवन तलावात पोहायला नेलं तर चालेल का?

कृपा करून नेऊ नका. फिप्रोनिल आणि इमिडाक्लोप्रिड कुत्र्याच्या पिसवेला जशी पकडतात तशीच पाण्यातल्या कीटकांच्या अळ्यांनाही पकडतात, कारण चॅनेल तीच आहेत. इंग्लंडमधल्या २० नद्यांचं पाणी २०१६ ते २०१८ या काळात तपासलं, तेव्हा ९८ टक्के नमुन्यांत फिप्रोनिल आणि ६६ टक्क्यांत इमिडाक्लोप्रिड होतं. फिप्रोनिल तिथे शेतीत जवळपास वापरत नव्हते. पाळीव प्राण्यांच्या अंगावरून ते येत असावं, असा अभ्यासकांचा निष्कर्ष होता.

आपल्याकडचं पाणी तलावातून, नाल्यातून शेवटी खाडीला मिळतं. ठाणे खाडीचं रोहित (फ्लेमिंगो) अभयारण्य २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे. तिथल्या चिखलातल्या बारीक जिवांवर किती पक्षी जगतात ते ऐरोलीच्या किनाऱ्यावर उभं राहून कुणीही पाहू शकतं. उरलेलं औषध मोरीत ओतू नका. गायीला आयव्हरमेक्टिन दिल्यावर काही दिवस शेणातून ते बाहेर पडतं आणि शेणकिड्यांच्या अळ्या मारतं, हेही गोठेवाल्यांना सांगायला हवं.

चुकून मुलाच्या किंवा जनावराच्या पोटात गेलं तर?

उलटी करवू नका, दूध-तूप पाजू नका. यातली बरीच औषधं तेलात विरघळतात, दुधा-तुपातल्या चरबीबरोबर ती जास्तच शोषली जाऊ शकतात. अंगावर सांडलं असेल तर कपडे काढून साबण-पाण्यानं धुवा. मांजराच्या अंगावर परमेथ्रिन पडलं असेल तर कोमट पाणी आणि भांडी घासायचा सौम्य साबण, पण झटके सुरू झाले असतील तर आधी दवाखाना. मुलाला लगेच जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्या. आणि बाटली किंवा पाकीट बरोबर घ्या, रिकामं असलं तरी. अमिट्राझ, मॅलॅथिऑन, परमेथ्रिन या तिघांचे उपचार वेगवेगळे आहेत, आणि नाव कळल्याशिवाय डॉक्टरांना लक्षणांवरून अंदाज बांधत बसावं लागतं.